माझ्या मामेभावाचं रानडुक्कर

माझा मामेभाऊ रानडुकराचा आवाज इतका हुबेहूब काढायचा की एकदा सख्ख्या बापानेच त्याला दगड मारला होता. भात पोटरीला आलं होतं, मामा शेतातल्या माळ्यावर राखणीला बसलेला, आणि हा खाली बांधाआड घुर्र घुर्र करत रांगतोय. दगड पाठीत बसल्यावर "आई गे!" असं माणसासारखं ओरडला म्हणून वाचला. मामा त्याला बदडायला उतरू लागला, पण उतरता उतरता त्याला हसू फुटलं आणि तो शिडीवरच बसून राहिला. मला ते आठवलं की अजून हसू येतं. मामेभाऊ गेल्यावरही येतं, त्याला माझा इलाज नाही.

पुढे हा बंगळुरात मोबाईलवरचे खेळ बनवायला लागला. मामीला कुणी विचारलं, "ल्योक काय करतो?" तर ती सांगायची, "खेळतो." त्याचा पगार मिळतो हे तिला बरेच दिवस पटलं नव्हतं.

मग त्याचा तो खेळ आला. त्यात खेळणारा माणूस म्हणजे रानडुक्कर. भाताच्या शेतात शिरायचं, राखणदारांना चकवायचं, पीक फस्त करायचं. शेत रिकामं झालं की तुम्ही जिंकलात. शहरातल्या लोकांनी खेळ डोक्यावर घेतला आणि पाठोपाठ शिव्याही सुरू झाल्या. शेतकऱ्याच्या तोंडचा घास हिसकावण्यात कसली आलीय मजा, म्हणून टीव्हीवर माणसं एकमेकांच्या वर आवाज चढवून ओरडत होती. याने उत्तर काय द्यावं? म्हणे, डुकराची बाजूही कुणीतरी घ्यायला हवी की! झालं, आगीत तेल.

शहराचं सोडा. जोयडा तालुक्यातल्या दिग्गीकडच्या आमच्या गावात डुक्कर ही चेष्टा नव्हे. वर्षभराचं भात बघता बघता लोळवून जातं. त्यात याने राखणदार काढले तेही गावातलेच. एक छत्री घेऊन माळ्यावर चढणारा, एक तंबाखू सांडली म्हणून राखण सोडून खाली शोधत बसणारा, आणि तोंड उघडं टाकून घोरणारा तर सरळसरळ देवळाचे मानकरी अण्णाच, मिशीसकट. नेमकी त्याच साली डुकरांनी जास्त नासधूस केली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. गावाने ठरवून टाकलं, यानेच डुकरांना शिकवलं.

आता गावाची शिक्षा सांगते. आमच्याकडे राखणीला बसलेला माणूस मधूनमधून हाळी देतो, "कूऽऽ हो!" ती ज्याच्या कानावर पडेल त्या प्रत्येक माळ्याने ओ द्यायची. बांधावरून भांडण असो, कोर्टात केस असो, ओ द्यायचीच. ओ आली नाही तर माणसाला काही झालं असं समजून सगळे बॅटऱ्या घेऊन धावतात. त्या हंगामात तो गावी आला, हौसेने माळ्यावर चढला आणि हाळी दिली. कुणीच ओ दिली नाही. मामी घरातून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तो जोयड्याला माझ्या हॉटेलात आला, पोटभर भजी खाल्ली, "अक्का, मी आता डुकरातच जमा," म्हणून हसला आणि बंगळुरची बस धरली. परत आला नाही. यंदा तिकडेच त्याचं हृदय बंद पडलं.

त्याला गावी आणलं, मयताला सगळा गाव आला. न येणं आमच्यात नाहीच. पण मामीच्या मनातून एक गोष्ट जाईना. तांदूळ निवडताना, चुलीपुढे बसताना तिचं तेच. "माज्या पोराच्या हाळीला कुणी ओ दिली न्हाई गे. तसाच गेला." मी समजावून थकले. शेवटी वैतागून म्हटलं, "मामी, आता गेलेल्याला ओ कोण देणार?" आणि मलाच रडू आलं.

बाराव्याला अंगणात पंगत बसली. भात, वालाची उसळ, खीर. सगळे खाली माना घालून जेवत होते. मामी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "त्यो खेळ दाखीव मला. आसं काय वंगाळ केलं हुतं त्येनं?"

माझ्या हॉटेलात पोरं तो खेळ खेळायची, पण आवाज बंद करून, असा माझा कायदा होता. त्यामुळे त्यात काय ऐकू येतं ते मला ठाऊक नव्हतं. गावातल्या मोठ्यांनी तर रागाने त्याला हातच लावला नव्हता. मी फोन काढला, पोरांनी त्यात घालून ठेवलेला तो खेळ लावला आणि मामीसाठी आवाज होता तेवढा वाढवला.

घुर्र घुर्र.

मामी ताठ बसली. "ह्यो त्योच की गे!"

डुकराचा आवाज याने स्वतःचाच घातला होता. सगळ्या पंगतीच्या माना वर झाल्या. अण्णा शेजारीच जेवायला बसले होते, त्यांनी मान लांब केली. "बघू दे मला." स्वतःला घोरताना बघून म्हणाले, "मिशी बरी काढलीया. पर घोरतो म्हंजे काय? मी डोळं मिटून कानोसा घेत आसतो."

बायकांच्या पंगतीतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "व्हय, तुमचा कानोसा साऱ्या गावाला ऐकू येतोय!"

त्या दिवसात पहिल्यांदा लोक हसले. माझं लक्ष उडालं आणि माझं डुक्कर खड्ड्यात पडलं. तेवढ्यात खेळातल्या शेताच्या कोपऱ्यातल्या माळ्यावर एक बारकासा माणूस उभा राहिला, त्याने तोंडाभोवती हात धरले आणि माझ्या मामेभावाच्या आवाजात हाळी दिली.

"कूऽऽ हो!"

"ओऽऽऽ!" अख्ख्या पंगतीने ओ दिली. तोंडात घास होता त्यांनीही दिली. वाढणाऱ्यांनी दिली, मी दिली, आणि सगळ्यांच्या वर आवाज अण्णांचा.

मग सगळे एकमेकांकडे बघत राहिले. अण्णा कपाळाला डावा हात लावून म्हणाले, "आयला, फशिवलं की पोरानं!" आणि अंगणभर असा हशा उठला की गोठ्यातली गुरं उठून उभी राहिली. मामी हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

"परत लाव," ती म्हणाली.

मी परत लावलं आणि डुकराला मुद्दाम खड्ड्याकडे नेलं. अण्णांनी हातातला घास पत्रावळीवर ठेवला, घसा खाकरून मोकळा केला आणि फोनकडे बघत हाळीची वाट बघू लागले.