झेंडूच्या हाराचे श्रेय

"शेवाळबाईंचा शोध म्हणजे झेंडूच्या हाराची कृपा!" गेल्या महिन्यात बाईंच्या शोकसभेत एका माजी सहकाऱ्याने हे वाक्य टाकले आणि सभागृह हसले. खंडेनवमीला प्रयोगशाळेतील यंत्रांची पूजा झाली, शेवाळ वाढवण्याच्या कपाटाचा झरोका हाराने बुजला, कपाट तापले, आतले विषारी शेवाळ शिजले आणि बाईंना आयता निष्कर्ष मिळाला, अशी ती कथा. मला ती साफ अमान्य आहे. हार विभागप्रमुख या नात्याने मीच घातला होता. तेव्हा उत्तर देणेही माझ्याकडेच येते.

बाई विश्रांतवाडीहून बसने येत. मांडीवर तळ्यातल्या हिरव्या, दुर्गंधी पाण्याची बाटली. कंडक्टरने एकदा विचारले, "काय हो बाई, पन्हं का?"

"घ्या की थोडं. मात्र वाटेत दवाखाना कुठे आहे, तेवढं बघून ठेवा."

'मेले' हा शब्द त्यांच्यासमोर सहज उच्चारण्याची सोय नव्हती. विद्यार्थी "मॅडम, शेवाळ मेलं" म्हणाला की त्या चष्म्यावरून पाहत. "मेलं ते मलाही दिसतंय. उष्णतेनं मारलं, की उष्णता लागल्यावर ते आपलं आपण मेलं?" त्यांचे म्हणणे असे, की ताप असह्य झाला म्हणून ही पेशी शिजत नाही, आपल्याच आतील रासायनिक कात्रीने आपल्या गुणसूत्रांचे तुकडे करून ती स्वतःला संपवते.

दसऱ्यानंतर कपाट उघडले तेव्हा मी खजील झालो होतो. बाई एवढेच म्हणाल्या, "सर, हार छान होता. झरोका सोडून घालायचा."

त्या क्षमेची परतफेड मी कशी केली? तोच किस्सा प्रत्येक संमेलनात रंगवून सांगितला. बाई पहिल्या रांगेत असत. एकदा चहाच्या वेळी म्हणाल्या, "सर, आता हारालाच पीएचडी देऊन टाका." मी हसलो. त्या हसल्या नाहीत, हे मला दिसले होते. शोकसभेतले ते वाक्य मूळचे माझे. ते ज्यांच्यासमोर मागे घ्यायचे, त्या आता नाहीत.

तरीही हसणाऱ्यांनी एवढे ऐकावे. सुट्टीनंतर ते कपाट मुद्दाम तापवण्याचे बाईंनी ठरवलेच होते. त्याच तयारीसाठी पूजेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी एका बाटलीत पेशीची ती कात्री बंद पाडणारे औषध घालून ती इतर बाटल्यांशेजारी ठेवली. कपाट सर्वांसाठी सारखेच तापले. ती एकच बाटली हिरवीगार निघाली.