ताडपत्रीखालचे निवडुंग

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. निवडुंग कसे जगवता, असं कोणी विचारलं की मी मुरमाचं, पत्र्याचं सांगायचो. वहिनींचा विषय येऊ द्यायचो नाही.

शिरपूरला आमची दोन घरं, मोठ्या भावाचं आणि माझं, एकाच अंगणात. भाऊ गेल्यावर पलीकडे वहिनी एकट्याच राहत. निवृत्तीनंतर मी माझ्या बाजूला निवडुंग लावले आणि दोन पाम. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, लोकं वावराच्या धुऱ्यावरचे, बांधावरचे काटे तोडून राह्यले, अन् तुमी इकत आणून दारात लावून राह्यले!" मी हसलो, पण मनात ठेवलं.

त्या हिवाळ्यात अवकाळी पाऊस बसला. थंडी, वरून झिमझिम, सकाळी धुई, समोरचं दिसू नये असं धुकं. पामचे शेंडे मी बारदानात गच्च बांधले. शेतात कापलेल्या सोयाबीनच्या ढिगावर, सुडीवर, टाकतात तशी निवडुंगांवर ताडपत्री टाकली आणि कडांवर दगड ठेवले. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला पावसापासून वाचवणं म्हणजे एवढंच कळतं: झाका आणि दाबा.

पुढे एका सकाळी पाहतो तर वहिनींच्या बाजूचा दगड सरकलेला, ताडपत्रीचं टोक उचललेलं. कुत्रं असेल म्हणून दाबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी खिडकीशी बसू लागलो. उजाडता उजाडता वहिनी आल्या, हातात वाटी. इकडंतिकडं पाहिलं, वाकल्या, टोकाखाली काहीतरी ओतलं आणि पदराला हात पुसत गेल्या. मी जाऊन पाहिलं. मातीवर पांढरा ओघळ होता. चुन्याचं पाणी, मी ठरवूनच टाकलं.

त्यानंतर त्या नुसत्या खोकल्या तरी मी पडदा सरकवायचो. अंगण झाडताना माझ्याच बाजूला का रेंगाळतात, हेही मनात यायचं.

"सरळ इचारून पाहा ना," बायको म्हणाली.

"चोर सांगते का?"

ऊन पडल्यावर ताडपत्री ओढली. तिला आतून पाण्याचे थेंब लोंबत होते. मोठे निवडुंग बुडाशी काळे, मऊ. हात लावताच आडवे झाले. पामचा शेंडा ओढला तर कुजका वास घेऊन हातात आला. मी तिथूनच ओरडलो. गल्लीतले लोक जमले.

"वयनी, चुना टाकून मारली तुमी माही झाडं!"

"मी? मी कायले मारू?"

"माह्या डोळ्यानं पाह्यलं. वाटी घेऊन येत होत्या."

त्या काही सांगणार, तेवढ्यात शेजारी हसत म्हणाला, "काकू, काट्यायवरच करणी केली काय?" सगळे हसले. एकट्या बाईला करणीचा शब्द चिकटला की सुटत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी गप्प राहिलो. वहिनी घरात गेल्या. आतून कडी लागली.

संध्याकाळी कुजलेले बुंधे उपसताना त्यांच्या बाजूच्या कोपऱ्यात, उपड्या टोपलीमागे, मांजरीची पिल्लं दिसली. शेजारी ताटलीत वाळलेलं दूध. मी मांजरींमागे काठी घेऊन धावायचो, म्हणून वहिनी लपून येत. आणि त्याच कोपऱ्यातले निवडुंग हिरवे, टणक उभे होते. चुना असता तर आधी तेच मेले असते. टोक उघडं राहिल्यानं त्यांना वारा लागला होता. बाकीचे मी कोंडून मारले होते.

अंगण ओलांडलं असतं तर झालं असतं. मी ओलांडलं नाही. हळूहळू बायकांनी आपली लेकरं वहिनींकडे पाठवणं बंद केलं. अखेर त्या अनसिंगला लेकीकडे राहायला गेल्या.

आता मी निवडुंगांवर नुसता उतरता पत्रा ठेवतो, चारी बाजू मोकळ्या. पामची पानं सैल बांधतो, पाऊस थांबला की सोडतो.

एकदा मुद्दाम अनसिंगला गेलो. वहिनींनी चहा टाकायला लावला. जावई समोर बसले होते.

"भाऊजी, झाडं बरे हायेत न?"

"हायेत."

चहा पिऊन उठलो. वहिनी या उन्हाळ्यात गेल्या. अनसिंगला गेलो त्या दिवशी बसमध्ये मी एकच वाक्य घोकत गेलो होतो आणि तेच घेऊन परत आलो: वयनी, तुमी दूध टाकत होत्या हे मले त्याच संध्याकाळी समजलं होतं, मले माफ करा.