बुलिकचं नाक

वागियेम माझी मावशी; आमच्या जावा बेटावर मावशीला बुलिक म्हणतात. जेपाराच्या मासळीबाजारात चाळीस वर्षं धुरी दिलेले बांगडे विकतेय आणि तिचा धंदा मालापेक्षा नाकावर चालतो. गिऱ्हाईक मासा उचलून तिच्यापुढे धरतं, बुलिक हुंगते, ‘न्या बिनधास्त’ म्हणते, की सौदा झाला. बांगडा तेलकट, तीन दिवसांत खवट होतो. पण बुलिकने हुंगलेला खवट निघाल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

मी सुतार. आमच्या गल्लीत सागाच्या तुकड्यांचे ढीग पडतात. शहरातल्या कॉलेजच्या बाईंनी आम्हाला त्या तुकड्यांपासून धूरपाणी काढायला शिकवलं. तुकडे बंद पिंपात तापवायचे, धूर नळीतून नेऊन गार करायचा, ठिबकलेलं पाणी आठवडाभर ठेवायचं, डांबर तळाशी बसलं की वरचं पाणी उकळून त्याची वाफ गार करून धरायची. पॉलिश लावलेला एक तुकडा जरी आत गेला, तरी विषारी म्हणून सगळं ओतून द्यायचं. मी दोनदा ओतलं आणि बायकोच्या शिव्या खाल्ल्या. या पाण्यात बुडवलेल्या मासळीचं तेल हवेनं लवकर बिघडत नाही, असं बाई म्हणत होत्या.

बुलिक फणकारली. “माझ्या धुरीला काय झालंय? सुतारानं खुर्च्या कराव्यात!” तरी अर्धी टोपली बुडवू दिली.

पाचव्या दिवशी मी दोन ताटल्या तिच्यापुढे ठेवल्या, एकीत न बुडवलेला बांगडा, एकीत बुडवलेला. शेजारच्या गाळ्यावरची जुमियातीही आली.

“हुंगा, बुलिक. यातला चांगला कुठला?”

तिने एक हुंगला. मग दुसरा. पुन्हा पहिला. मग तिने दोन्ही ताटल्या बाजूला सारल्या.

“मला वासच येत नाही रे,” ती म्हणाली. “दोन वर्षांपूर्वी ताप आला, तेव्हापासून नाक गेलंय. अंदाजानं सांगते. कुणाचं पोर माझ्या माशानं आजारी पडेल, म्हणून रोज जीव टांगणीला लागतो.”

जुमियाती खो खो हसली.

“अगं, मला ठाऊक आहे! तुझ्या तापानंतर लगेच गटार तुंबलं, सगळा बाजार नाक दाबून पळत होता आणि तू निवांत भात खात होतीस. तेव्हापासून पहाटे तुझी टोपली मीच हुंगते. खवट असेल तो काढून टाकते.”

“आणि मासे कमी दिसले की मी बाजारातल्या मांजराला शिव्या घालत होते!” बुलिक म्हणाली.

जुमियातीनं ताटल्या ओढल्या. पहिला मासा हुंगून तोंड वाकडं केलं. बुडवलेला मोडला, हुंगला आणि खाल्लाच.

“कालचा म्हणालीस तरी पटेल.”

“खरंच खवट नाही?” बुलिकने तीनदा विचारलं. जुमियातीनं तिन्ही वेळा ‘नाही’ म्हटल्यावर ती मोकळेपणानं रडली. मलाही हायसं वाटलं.

जुमियाती माझ्याकडे वळली. “सुतारा, पिंपं भरून काढ हे पाणी. दोन वर्षं हिच्यापायी पहाटे चारला उठतेय मी. आता मला झोपू दे.”