एका दिवसाने लहान

बाई नवीन मुलीला नाव विचारायच्या आधी जन्मतारीख विचारायच्या. मग बोटांच्या पेरांवर मोजून म्हणायच्या, "दोन वर्षं आहेत अजून. घाई नाही." लोणावळ्यातल्या एका हॉलच्या फरशीवर त्या आम्हाला फिगर स्केटिंग शिकवायच्या. बर्फ कुठला असणार? चाकांच्या स्केट्सवर गिरक्या आणि उड्या घोटून घ्यायच्या आणि वर्षातून एकदा दिल्लीजवळच्या बर्फाच्या रिंकवर न्यायच्या.

शाळेच्या स्पर्धांत वय वेगळ्या तारखेला मोजतात, आपल्या खेळात एक जुलैला, हे त्या पालकांना दर महिन्याला समजावत. एक आई म्हणाली, "आमची दिसायला मोठी आहे." बाई म्हणाल्या, "दिसण्याचा रकाना फॉर्मवर नाही."

माझा जन्म एक जुलैचा. ज्युनिअर गटासाठी एक जुलैपूर्वी तेरा वर्षं पूर्ण लागतात, आणि एकोणीस पूर्ण झालेली चालत नाहीत. बाईंनी पेरं मोजली. "अगदी वेळेवर जन्मलीस," म्हणाल्या. ते वर्षभर मी इंदुरी गावाहून दोन गाड्या बदलून सरावाला गेले. हवेत दोन फेऱ्यांची उडी बसली. वडिलांना आम्ही भाऊ म्हणतो. ते नवलाख उंबरे गावाजवळच्या कारखान्यातून रजा काढून स्पर्धेला सोबत आले.

नोंदणीच्या टेबलावरच्या माणसाने माझा जन्मदाखला पाहिला आणि परत दिला. "एक जुलैपूर्वी म्हणजे तीस जूनपर्यंत. ही एका दिवसाने लहान आहे."

बाई तासभर भांडल्या. मग त्यांनी नियमाचा कागद मागून घेतला, दोनदा वाचला आणि माझ्या हातात दिला. "मी इतकी वर्षं 'एक जुलैपर्यंत' असंच वाचत आले. चूक माझी आहे."

बाहेर एका गृहस्थाने नवा दाखला मिळवून देतो म्हणून भाऊंना गाठलं. भाऊ बाईंना म्हणाले, "एका दिसाचं तर हाय, म्याडम. पोरीचं वरीस जातंय."

"माझ्या चुकीसाठी तिला खोटं बोलायला लावू नका, भाऊ."

परतीच्या सगळ्या प्रवासात मी बाईंशी बोलले नाही. नियम बरोबर होता, टेबलावरचा माणूस बरोबर होता, आणि बाईंनी तर चूक कबूलही करून टाकली होती. राग काढायला कुणी उरलंच नव्हतं. त्याने मी जास्त चिडले.

पुढच्या वर्षी मी पात्र ठरले, पण तोवर उंची एकदम वाढली होती. अंगाचा तोल बदलला, बसलेली उडी सुटली. शेवटून दुसरी आले. बाई दोन वर्षं ती उडी परत बसवायला झटल्या. "शरीर विसरत नाही," म्हणायच्या. माझं विसरलं होतं. दहावीनंतर मी स्केटिंग सोडलं. पुढे तो हॉल लग्नकार्यांना देऊ लागले आणि बाई मुलाकडे नाशिकला गेल्या.

गेल्या जूनमध्ये त्यांचा फोन आला. मी लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टच्या रिसेप्शनवर होते.

"ऐक. जूनमध्ये जन्मलेल्या तुझ्या बरोबरीच्या मुली यंदा ज्युनिअरमधून बाद. एक जुलैपूर्वी तुला एकोणीस पूर्ण होत नाहीत. तुला अजून एक मोसम आहे. मी चारदा मोजलंय."

हिशोब बरोबर होता. मला सांगायचं होतं की माझे स्केट्स मावसबहिणीला देऊन झालेत. समोर पाहुणे खोलीची चावी मागत होते.

"फॉर्म पाठवू?" बाईंनी विचारलं.

"पाठवा, बाई."

फॉर्म आला. सगळे रकाने त्यांच्याच अक्षरात भरलेले होते, माझी सही तेवढी राहिली होती. मी ती अजून केलेली नाही. फॉर्म फाडलाही नाही.