हुंकार थांबला तेव्हा

दुपारी वीज गेली की आमची लालबागची खोली पाण्याखाली गेल्यासारखी वाटते. त्या दिवशी नात माझ्याशेजारी येऊन पडली. तिला बस चालवायला शिकायचं होतं, पण बापाला सांगायची हिंमत नव्हती. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, बाहेर गॅलरीत खुर्चीवर पेंगत होता.

"आजी, तू सांग ना पप्पांना."

"मी नाही सांगणार. गोष्ट सांगते, हुंकार दे."

आमच्यात हुंकार थांबला की गोष्ट थांबते.

मी डोळे मिटून सुरू केलं. समोरच्या टॉवरच्या टोकाला राजकन्या कोंडलेली. खाली राक्षस पेंगतोय. त्याच्या श्वासाने ढग मागेपुढे होतायत.

"हं."

राजपुत्र यायचा होता, तो काही आला नाही. शेवटी तिनेच केस बांधले आणि जिना उतरू लागली. जवळ गेली तसतसा राक्षस लहान दिसू लागला.

हुंकार आला नाही. झोपली वाटतं मेली, म्हणून डोळे उघडले. शेजारी नुसती उशी होती.

गॅलरीतून तिचा आवाज आला. "पप्पा, मला बस चालवायला शिकायचंय."

"काय? कोणी भरवलं डोक्यात? आजीने?"

"कोणी नाही. माझं मीच ठरवलंय."

गोष्ट तिथेच राहिली. मी कूस बदलून झोपले.