कॉम्प्युटरला एकशे सात ताप

आमच्या घरातला थर्मामीटर मी कॉम्प्युटरला लावत होतो, आणि ही गोष्ट घरात कुणालाही ठाऊक नव्हती.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. बीडला कॉम्प्युटरचा क्लास करून मी पाटोद्यात, आमच्याच घराच्या पुढच्या पत्र्याच्या खोलीत, जन्मपत्रिका काढून देण्याचा धंदा मांडला. कॉम्प्युटर जुना, कुणीतरी वापरून सोडलेला. एक पत्रिका काढायला तो इतका वेळ घेई, की गिऱ्हाईक मधल्या वेळात बाजार करून यायचं. शेवटी क्लासमधल्या मित्रानं उपाय सांगितला.

"मदरबोर्डवरचं जम्पर एक घर सरकव बे! एकशे तेहतीसचा प्रोसेसर एकशे सहासष्टनं पळतो. फकस्त तापतो किती त्याच्यावर ध्यान ठेव. लई तापला की मेला!"

जम्पर म्हणजे हरभऱ्याच्या डाळीएवढी प्लास्टिकची टोपी. ती मी चिमट्यानं सरकवली आणि कॉम्प्युटर खरोखरच पळू लागला. राहिलं ते ध्यान ठेवणं. (मी पहिल्यापासून जबाबदार माणूस. मोजायचं म्हणजे मोजायचंच!) घरात ताप मोजणारी वस्तू एकच होती, देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यातला पाऱ्याचा थर्मामीटर. त्याचं टोक मी प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना टेकवलं.

एकशे सात!

मी घाबरून घरातला एकुलता एक टेबलफॅन आणून कॉम्प्युटरच्या उघड्या पोटासमोर लावला. एकशे सात. खिडकीला ओलं पोतं बांधलं. एकशे सात. कॉम्प्युटर बंद करून झोपलो आणि सकाळी उठून, चालू करायच्या आधीच, पुन्हा थर्मामीटर लावला. एकशे सात! हा ताप अंगात मुरलेला आहे, असा निष्कर्ष मी काढला.

नेमके त्याच दुपारी वडवणीहून आप्पा येणार होते. आप्पा म्हणजे किराण्याचे व्यापारी. त्यांच्या मुलासाठी माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमनचं बघणं झालं होतं आणि फक्त पत्रिका जुळवायची राहिली होती. 'तुमच्याच कॉम्प्युटरवर जुळवू' असा त्यांचा निरोप होता. सुमन माझ्याकडे कधी काही मागत नसे. त्या दिवशी मात्र चहा देताना म्हणाली, "दादा, आज तेवढं नीट कर रे." मुलगा तिच्या मनात भरला होता, हे मला तेव्हा कळलं.

भर उन्हाळा, डोक्यावर पत्रे. आप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले आणि उपरण्यानं वारा घेऊ लागले.

"फॅन तिकडं कावून लावलाय?"

"त्याला लागतो, आप्पा. तब्येत नाजूक आहे."

"आन् आमाला?"

मी प्रिंटर चालू केला. पत्रिकेचं पहिलं पान निघायच्या आत आप्पांची मान कलंडली. आई धावत आली.

"आरं, आंग बघ कसं भट्टीवानी हाय! ताप मोज!"

मी तत्परतेनं थर्मामीटर उचलला, शर्टाला पुसला आणि आप्पांच्या तोंडात दिला.

"एकशे सात!" मी ओरडलो.

आप्पांनी डोळे किलकिले केले. "किती पायजे असतो?"

"इतका नसतो!"

मी रसवंतीवरून बर्फाची लादी आणली आणि फोडून टॉवेलातून आप्पांच्या डोक्यावर ठेवली. एकशे सात. सदऱ्याच्या आत सोडली. एकशे सात. आईनं घागर ओतली. एकशे सात! आप्पांचे दात वाजू लागले, ओठ निळे पडले, पण पारा जागचा हलेना. आणि एक भयंकर विचार माझ्या मनात आला. हा ताप माझ्या ओळखीचा होता. कॉम्प्युटरचा आजार आप्पांना लागला होता!

आप्पांनी माझा हात धरला. "पोराला म्हनावं... त्याल-डबे वल्या भितीला लावू नको... गुळाला मुंग्या..."

"आप्पा, असं बोलू नका!"

"...आन् लगीन माझ्या माघारी..."

त्या काळी होणाऱ्या सासऱ्यांसमोर मुलीनं विचारल्याशिवाय बोलायचं नसे. सुमन दाराआड उभी होती, ती पदर खोचून तरातरा बाहेर आली.

"दादा, झटकला व्हता का त्यो?"

"काय झटकायचं?"

"थर्मामीटर! झटकल्याबिगर पारा खाली येतो व्हय?"

मी आधी थर्मामीटरकडे बघितलं, मग फॅनसमोरच्या कॉम्प्युटरकडे. (कॉम्प्युटर मजेत गार वारा खात होता.) सुमननं थर्मामीटर माझ्या हातातून ओढला, दोन झटके दिले, धुऊन आणला आणि आप्पांच्या तोंडात ठेवला. सत्त्याण्णव.

"आरं, गार पडलेत ते!" आई किंचाळली आणि गोधडी आणायला पळाली.

गोधडीतून आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "मग यकशे सात कुनाचा?"

"कॉम्प्युटरचा," मी म्हणालो. "कालचा."

"मंजी आदी त्याला लावला... आन् मग माझ्या तोंडात?"

सुमननं कपाळाला हात लावला. ठरत आलेलं लग्न माझ्या हातून मोडलं, असं मला वाटलं. मी वाकून छापलेलं पान पुढे केलं. आप्पांनी ते बघितलंसुद्धा नाही.

"ऱ्हाऊ द्या त्यो कागुद. ह्या घरात डोकं यकीलाच हाय. ती आमच्याकडं द्या!"

लग्न झालं. (मांडवातल्या वायरींना मी हात लावायचा नाही, एवढी एकच अट होती.) पुढे मला कळलं, की प्रोसेसरला एकशे सात म्हणजे काहीच नाही, तो त्याच्या कितीतरी वर सुखानं चालतो. म्हणजे साऱ्या प्रकरणात आजारी असं कुणी नव्हतंच.

सुमनचा संसार छान चाललाय. आप्पा आता थकलेत, पण मी वडवणीला गेलो की अजूनही रामराम करत नाहीत. आधी माझं मनगट धरून हात दोनदा जोरात झटकतात आणि मग म्हणतात, "हां, आता बोला. काय म्हनताय?"