ट्रंकेतल्या बाया

गेनभाऊ आरशाकडे पाठ करून चालायला शिकले.

मंचरच्या ज्या दवाखान्यात मी फिजिओथेरपीचं काम करते, तिथे व्यायामाच्या खोलीत दोन समांतर दांड्या आहेत आणि त्यांच्या टोकाला भिंतभर आरसा. लकवा झालेल्या माणसाला आपला पाय कसा पडतो, खांदा किती झुकतो, ते दिसावं म्हणून तो लावलेला. गेनभाऊ पहिल्या दिवशी काठी टेकत आत आले, त्यांनी आरशात एकदा पाहिलं आणि झटकन मान खाली घातली.

"ह्याला पडदा न्हाई का, ताई?"

"पडदा कशाला?"

"पायजम्यातल्या मानसाला आरसा दावायचा नसतो. बाई बुजती."

कोणती बाई, हा प्रश्न ओठांवर आला आणि मी तो गिळला. अनोळखी माणसांशी मी कामापुरतंच बोलते. उत्तर त्यांच्या बायकोने, हौसाबाईंनी दिलं. त्या दारात पिशवी धरून उभ्या होत्या. "त्ये तमाशात मावशीचं काम करत्यात. तुमी नसंल बघितलं. तुमी इंग्लिश शाळंतल्या."

ते खरं होतं. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवतात, त्या गवळणींची म्होरकी म्हणजे मावशी. आणि ती नेहमी पुरुषच करतो, एवढं मला ऐकून माहीत होतं. आमच्या भागात फडांना तोटा नाही, पण मी एकही तमाशा पाहिला नव्हता. गेनभाऊ मात्र भाजीबाजारातसुद्धा मावशीच होते. "काय मावशी, कोथिंबीर न्यायची का?" असं कोणी हाकारलं की ते पदर नसलेल्या खांद्यावरून पदर ओढत आणि गड्डी फुकट मिळवत. अवसरी बुद्रुकच्या शिवारात त्यांचं घर. वडिलांची मेंढरं होती. "मेंढराच्या मागं फिरताना मी बायांच्या चाली बघायचो," ते म्हणत. "पाठीमागून मानूस खोटं बोलत न्हाई."

त्यांच्याकडे एक लोखंडी ट्रंक होती आणि तिच्यात साड्या. त्यातली एकही विकत घेतलेली नव्हती. एखाद्या गावातली म्हातारी गेली, की घरचे लोक तिची एखादी नेसती साडी गेनभाऊंना आणून देत. "आमच्या आईला जत्रा लई आवडायची, तिला फिरवून आना," असं सांगत. गेनभाऊ ती साडी नेसून त्या गावच्या जत्रेत मावशी म्हणून उभे राहत आणि त्या बाईसारखे चालत. आधी लोक हसत. मग कुठूनतरी एखादा हुंदका येई. मग पुन्हा हसत. साडी मागायची नाही, देणाऱ्याने द्यायची, आणि आपल्या घरातली कधी नेसायची नाही, एवढे दोन नियम ते पाळत. ट्रंकेतल्या साड्यांना ते साड्या म्हणत नसत, बाया म्हणत. "बायास्नी ऊन दाखवाय पायजे," असं म्हणून हौसाबाईंकडून त्या अंगणात वाळत घालून घेत.

मला हे ऐकून अंगावर काटा आला होता. मेलेल्या माणसाची वस्तू कपाटात बंद ठेवायची असते, असं मला वाटायचं. मी तेच केलं होतं.

लकवा त्यांच्या डाव्या बाजूला झाला होता. सुरुवातीचे मोलाचे दिवस पारव्याच्या रक्ताने मालिश करण्यात गेले. मी जरा चिडून बोलले, तर म्हणाले, "पारवं मेलं, मी न्हाई उठलो. दोघांचं बी नुकसान झालं." हात पुष्कळ सुधारला, पाय मात्र ओढत राहिला. आणखी एक होतं. चालताना मान डावीकडे वळवली की त्यांचा तोल जायचा. दोनदा मी त्यांना पडता पडता धरलं. मग बजावून ठेवलं, "चालताना डावीकडे बघायचं नाही. कोणी हाक मारली तरी नाही."

"आन् डावीकडनं कृष्णानं अडवलं तर?"

"तर आधी थांबायचं. मग वळायचं."

"तुमी कृष्णाला वळखत न्हाई, ताई."

मी व्यायाम मोजताना 'वन, टू' म्हणायची. त्यावरून ते मला फार छळत. "असं इंग्रजीत पाय उचलाय सांगितलं तर पायाला वाटतंय सायेब आला, त्यो आनखीनच आखडतो." मी हसायची नाही. एकदा ते म्हणाले, "ताई, तुमी लई जपून बोलता. मराठी तर ग्वाड हाये तुमचं. कुनाकडनं शिकला?"

"आईकडून," मी म्हटलं आणि त्यांचा घोटा बांधायला खाली वाकले.

घरात काठीने फिरण्याइतके ते बरे झाले तेव्हा मी समाधानी होते. ते नव्हते. चैत्रातल्या जत्रा तोंडावर आल्या होत्या आणि फडात त्यांच्या जागी दुसरा माणूस उभा केला होता. चेन लावलेली रेडिमेड नऊवारी, चमचमता ब्लाउज, सिनेमाच्या गाण्यावर कंबर. लोक त्याचे मोबाइलवर व्हिडिओ काढत. गेनभाऊंना त्याचा राग नव्हता. त्यांना राग चेनचा होता. "चेन वढली की साडी झाली! बाईला यायला येळच न्हाई. आवं, मी निऱ्या घालतो तवर ती वाटंत असती. पदर खोचला की दारात येती."

मग एका दुपारी ते पिशवीतून एक साडी घेऊनच आले. विटकरी रंगाची, जुनी. "आज हिला चालू द्या," म्हणाले. मी नको म्हणत होते; पाय अडकला असता. पण हौसाबाईंच्या मदतीने ते नेसू लागले आणि मी थांबले. सावकाश, एकेक निरी. पदर खांद्यावर गेला आणि त्यांचा चेहरा जरासा म्हातारा झाला. मग ते दांड्यांना हात न लावता चालले. जड अंगाने, कमरेवर हात ठेवून, थांबत, पुन्हा चालत. पाय ओढत होता, पण ओढणारा पाय त्यांचा वाटत नव्हता.

मी हौसाबाईंकडे पाहिलं. त्यांनी घाईघाईने डोक्यावर पदर घेतला होता. नंतर त्याच ओशाळून म्हणाल्या, "भावकीतली थोरली जाऊ ती, पल्याडच्या घरातली. तिच्यापुढं बोडक्या डोक्यानं कोन उभं ऱ्हाईल?"

त्या दिवशी आरशाकडे त्यांची पाठ नव्हती.

चार दिवसांनी फडमालक स्वतः दवाखान्यात आले. गेनभाऊंनी त्यांना चालून दाखवलं. मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि हळू आवाजात म्हणाले, "मावशी, लोकास्नी कीव आली की हसू मरतं. लोक तुझा पाय बघतील. गवळन पडली तर फड पडतो, राव."

"एक हजेरी द्या," गेनभाऊ म्हणाले. "रातीचं नको, सकाळची. लोक हसलं न्हाई, तर ट्रंक बंद."

हजेरी म्हणजे जत्रेच्या रात्रीच्या तमाशानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी देवळासमोर होणारा कार्यक्रम. मालकांनी ती कबूल केली. भीमाशंकरच्या वाटेवरच्या एका गावाची. गावाचं नाव ऐकलं आणि माझ्या हातातली पट्टी गुंडाळायची राहून गेली.

त्या गावच्या उपकेंद्रात माझी आई नर्स होती. माझं सगळं बालपण ती मंचरहून एसटीने तिकडे गेली. दुसऱ्या लाटेत तिला करोना झाला. अँब्युलन्स दारात आली तेव्हा ती स्वतःच्या पायांनी, उजव्या हाताने निऱ्या धरून, चालत जाऊन बसली. आम्ही पायरीवर उभे होतो. तिने मागे वळून पाहिलं नाही. ती गेल्यावर तिला कोणी आमच्या स्वाधीन केलं नाही, तोंडही दिसलं नाही. त्यामुळे माझ्याजवळ तिचं शेवटचं जे आहे, ती तिची पाठ आहे.

हे मी गेनभाऊंना कधी सांगितलं नव्हतं. पण मालक गेल्यावर ते माझ्याकडे बघत राहिले. "तुमी सिस्टरबाईंच्या," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले. "उभं ऱ्हाताना असंच एका पायावर भार देता. एकदा जत्रंत माझ्या तळपायात काच घुसली व्हती, त्यांनी काढली. वर मलाच दटावलं, मावशीबाई, चपला घालून नाचत जा." ते थोडं हसले. साडी त्यांनी मागितली नाही. त्यांचा नियमच होता तो. पुढच्या चार-पाच खेपांनाही त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मला त्याचाच जास्त त्रास झाला.

आईचं कपाट मी उघडलं तेव्हा बाबा बाहेर पेपर वाचत होते. बारीक जांभळ्या काठाची राखी सुती साडी मी काढली. लशीचा डबा घेऊन कामावर जाताना ती नेसायची ती. बाबांनी माझ्या हातातल्या साडीकडे पाहिलं आणि पान उलटलं.

गेनभाऊंनी ती दोन्ही हातांनी घेतली. म्हणाले, "लशीचा डबा कुठल्या बाजूला असायचा?"

"डाव्या कुशीला. पट्टा उजव्या खांद्यावरून."

"म्हंजे डावा पाय दाबून पडायचा."

"हो."

त्यांनी आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "मग आता मला लंगडं कोन म्हनंल?"

हजेरीला मी एकटीच गेले, बायकांच्या बाजूला मागे बसले. ऊन चढत होतं. समोर रेवड्यांची दुकानं, देवळाच्या पायऱ्यांवर गुलाल, आणि ढोलकी. गवळणी आल्या, ठुमकल्या. "आगं, मावशी कुठं ऱ्हाईली?" एकीने विचारलं, आणि उजवीकडून माझी आई आली.

लहान, भराभर पावलं. डाव्या कुशीला डबा, रंगाच्या सामानाचा, पण तिरक्या पट्ट्यावर तसाच लोंबणारा. डावा पाय दाबून. उजव्या हाताने निऱ्या उचललेल्या, चिखल असो नसो. मी बघत होते ते गुडघे आणि घोटे माझ्या ओळखीचे होते, कितीतरी दुपारी मी ते हातात धरले होते. त्याचा काही उपयोग झाला नाही. ती आईच होती.

मग पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "आरं, सिस्टरबाई आल्या!" आणि हसण्याचा एकच लोट उठला. पेंद्या वाटेत आडवा आला. मावशीने डब्यातून हातभर लांब लाकडी सुई काढली. "दंड मोकळा कर. रडायचं न्हाई. एवढा मोठा घोडा झालास, आन् इंजेक्शन म्हनलं की हागवन?" लोक लोळायचे बाकी होते. माझ्या शेजारची म्हातारी हसता हसता डोळे पुसत होती. ती उठली, माणसांतून वाट काढत पुढे गेली आणि हात जोडून म्हणाली, "बाई, जाताना घरी या. च्या टाकते."

हसणं थांबलं. गेनभाऊ नाटकात काहीही बोलू शकले असते. ते आईसारखंच म्हणाले, "आज न्हाई मावशी. एसटी जाईल माझी."

ती जायला निघाली. तशीच, निऱ्या धरून, पाठमोरी. बायका डावीकडे बसल्या होत्या. मला पुढचं माहीत होतं, आई मागे वळत नाही. ती मांडवाच्या टोकाला पोचली, आणि चालता चालता तिने मान डावीकडे वळवली. आमच्याकडे पाहिलं. पाऊल चुकलं नाही. मग ती पडद्याआड गेली.

मालकांनी पडद्यामागे गेनभाऊंना मिठी मारली होती. "पुढच्या समद्या जत्रा तुझ्या," असं काहीतरी ते म्हणत होते. गेनभाऊ खुर्चीत बसून पाणी पीत होते, घामाने रंग ओघळलेला. मी जवळ गेले.

"तुम्ही शेवटी मागे का वळलात?"

"कोन, मी?" ते दमलेले होते, थट्टा करण्याच्या अवस्थेत नव्हते. "मी न्हाई वळलो, ताई. तुमीच बजावलंय, डावीकडं बघायचं न्हाई. बघितलं असतं तर तिथंच आडवा झालो असतो."

त्यांचा तोल मला ठाऊक होता. आदल्याच आठवड्यात मी तो तपासला होता.

त्या हंगामात ते आणखी पुष्कळ गावांना उभे राहिले, कधी कोणाची साडी नेसून, कधी कोणाची. आईची साडी त्या एका गावाची, ती पुन्हा नेसली नाही म्हणाले. श्रावणात त्यांना दुसरा झटका आला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले. शेवटी अंगावर पायजमाच होता, हौसाबाई सांगत होत्या. त्याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

नंतर हौसाबाईंनी ट्रंक रिकामी केली. ज्या घरची साडी त्या घरी, एकेक नेऊन दिली. आमची घेऊन त्या दवाखान्यातच आल्या, दुपारी, कोणी पेशंट नसताना. "येकदा बघून घ्या," म्हणाल्या. मी घडी उलगडली. काठाच्या खालच्या बाजूला, डाव्या पायाशी वीतभर धागे झिजून सुटले होते आणि त्यांत देवळासमोरची लाल माती अडकली होती. आई पाय दाबून टाकायची, पण ओढत नव्हती. तेवढी वीत त्यांची होती.

मला साडी नेसायची सवय नाही. तरी ती मी कपड्यांवरूनच नेसले, घाई न करता, एकेक निरी. पदर खांद्यावर टाकला, उजव्या हाताने निऱ्या उचलल्या आणि आरशाकडे चालत गेले. आरशात माझ्यामागे, दाराशी हौसाबाई दिसत होत्या.

त्यांनी डोक्यावर पदर घेतला.